पोंग्यात अळी, बांधावर माकड: खानापूर तालुक्यातल्या एका मक्याच्या शेताचं प्रकरण

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्याचे पावसाने दोन तुकडे केलेत. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे घाट, भात आणि काजू. नंदगड ओलांडून बिडी-इटगीकडे गेलं की पाऊस उतरतो आणि खरिपात मका, कापूस, ऊस दिसायला लागतो. हे शेत या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यातलं आहे. पाऊस मक्याला थोडा जास्तच होतो, आणि जंगल बांधाला लागून असतं. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मी गाळले आहेत.

शेत तीन एकरांचं, एका तुकड्यात. पश्चिमेच्या बांधापलीकडे वन खात्याचं रान आणि एक ओढा, उत्तरेला शेजाऱ्याचा ऊस, दक्षिणेला दुसऱ्या शेजाऱ्याचा मका. पश्चिम बांधावर दोन फणस आणि एक जांभूळ. घर दोन भावांचं, एकत्र. थोरला शेती आणि जनावरं बघतो. धाकटा बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला, पाळी बघून गावी येतो आणि फवारणी, खतं, दुकानदाराचा हिशेब सांभाळतो. शेतात सगळ्यात जास्त वेळ असते ती थोरल्याची बायको. तिला सगळे वैनी म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. धाकट्याची मुलगी बी.एस्सी.ला आहे आणि तिला एक सस्तन प्राणी आणि एक कीटक यांची तुलना करायचा प्रकल्प होता. बहुतेक मुलं असल्या वेळी वाघ आणि मधमाशी घेतात, कारण दोघांची माहिती आयती मिळते. हिने लाल तोंडाचं माकड आणि मक्यावरची लष्करी अळी घेतली. कारण विचारलं तर म्हणाली, "सर, घरात दोन महिने दुसरं काही बोलणंच नाही." त्या प्रकल्पामुळे मी या शेतात गेलो, आणि कागदावरची तुलना या घराच्या पैशांच्या निर्णयांत कशी उतरली ते पाहायला मिळालं.

अडचण काय होती

जुलैच्या सुरुवातीला मका गुडघ्याला आला होता. पोंग्यातली, म्हणजे रोपाच्या मध्यावरच्या गुंडाळलेल्या कोवळ्या सुरळीतली, पानं फाटलेली, चाळणी झाल्यासारखी. रोज सकाळी वीस-पंचवीस माकडांची टोळी फणसावरून उतरायची आणि शेतातून आरपार जायची. थोरल्याने दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या: माकडं येतात, पानं फाटतात, म्हणजे माकडंच खातात. त्याने राखणीला एक गडी लावला, सुतळी बॉम्ब आणले, पाइपची कार्बाईडची तोफ आणली. गावातून वर्गणी काढून माकडं पकडणारी माणसं बोलवायची बोलणीही सुरू झाली.

धाकट्याचं म्हणणं वेगळं होतं. ही अळी आहे, फवारायला पाहिजे. पण तोही पोंगे उघडून बघत नव्हता, दुकानदाराच्या भरवशावर बोलत होता. फवारणीचे पैसे राखणीत गेले होते, त्यामुळे ती पुढे ढकलली जात होती. थोरला म्हणायचा, "आधी माकडांचं बघू, मग तुझी अळी." धाकटा म्हणायचा, "दादा, तोवर शेत ऱ्हाणार न्हाई."

म्हणजे घरासमोरचा खरा प्रश्न पैसे आधी कुठे घालायचे, हा होता. तो सुटायला नुकसान नक्की कुणाचं, हे कळायला हवं होतं, आणि त्यासाठी पोंग्यात हात घालणं कुणालाच सुचलं नव्हतं. माकड डोळ्यासमोर येतं, दात दाखवतं, त्याचा राग येतो. अळी दिवसा पोंग्याच्या तळाशी, स्वतःच्याच विष्ठेच्या बोळ्याखाली बसलेली असते. तिच्यावर कोण रागावणार?

दोन प्राण्यांची तुलना

मुलीच्या प्रकल्पाचा हा गाभा. तिने मांडलेल्या बऱ्याच गोष्टी पुढे निर्णयाला उपयोगी पडल्या, म्हणून इथे जरा सविस्तर.

लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली आणि २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा नोंदली गेली, तीही आपल्याच कर्नाटकात. मादी पतंग एका वेळी शे-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर केसांचं आवरण पसरते. आयुष्यात एक मादी हजार-दीड हजार अंडी घालून जाते. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, अळी दोन-तीन आठवडे खाते, मग जमिनीत शिरून कोष करते. उन्हाळी हवेत एक पिढी महिन्याभरात उरकते. आपल्याकडे तिला सुप्तावस्थेत जावं लागत नाही. मका असेल तोवर ती असते, मका नसेल तर ज्वारीवर असते.

लाल तोंडाचं माकड, म्हणजे डोक्यावर केसांची टोपी असलेलं आणि अंगापेक्षा लांब शेपटीचं, फक्त दक्षिण भारतात सापडतं. काळ्या तोंडाचं वानर वेगळं. या शेतात वानरंही कधीतरी येतात, पण ती जास्त करून पानांवर जगणारी. माकडीण साधारण साडेपाच महिन्यांनी एकाच पिल्लाला जन्म देते. धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत हे माकड आज 'असुरक्षित' गटात मोडतं. हे वाक्य मुलीने घरात वाचून दाखवलं तेव्हा थोरला किती वेळ हसत होता म्हणे. त्याच्या फणसावर पंचवीस बसलेली, त्याला ती कमी होताहेत हे पटणार कसं? पण गावाकडची, रस्त्याकडेची माकडं वाढल्यासारखी दिसतात आणि एकूण संख्या घटते, हे दोन्ही एका वेळी खरं असू शकतं. रान तुटलं की माणसाकडे येण्याशिवाय त्यांना दुसरी वाट उरत नाही.

निर्णयासाठी महत्त्वाचे फरक दोन निघाले. पहिला शिकण्याचा. अळी शिकत नाही. बारीक असताना ती तोंडातल्या धाग्याला लटकून वाऱ्याने शेजारच्या रोपावर जाते, मोठी झाली की पोंग्यातल्या दुसऱ्या अळीला खाऊन टाकते. म्हणून एका पोंग्यात बहुधा एकच जाड अळी मिळते. तिचं वागणं दर वर्षी तेच, दर शेतात तेच. एकदा समजून घेतलं की पुढच्या वर्षीही तेच ज्ञान चालतं. माकड मात्र शिकतं, आणि आपल्यापेक्षा लवकर शिकतं. गडी जेवायला कधी बसतो, बॉम्बचा नुसता आवाज होतो आणि लागत काही नाही, वैनी एकटी असली तर किती जवळ यायचं, हे सगळं त्या टोळीला आठवड्याभरात कळलं होतं. वैनीचे शब्द: "त्यास्नी माझी साडीसुद्धा वळकू येतीया."

तीर्थहळ्ळीकडच्या एका शेतकऱ्याने माकडं पळवायला कुत्र्याला वाघासारखे पट्टे रंगवले होते, ही शिवमोग्गा जिल्ह्यातली बातमी २०१९ मध्ये सगळीकडे फिरली होती. थोरल्याला ती कल्पना फार आवडली. त्यांचा कुत्रा मात्र रंग लावू देईना.

दुसरा फरक वेळेचा, आणि भावांचं भांडण मिटलं ते याच्यामुळे. अळीचं खाणं रोप लहान असल्यापासून तुरा येईपर्यंत जोरात असतं, नंतर काही अळ्या कणसात शिरतात. माकडाचे मक्यातले दोन हंगाम: पेरणीनंतर दाणे आणि कोंब उकरायचे, आणि पुढे कणसात दूध भरलं की कणसं. मधल्या काळात ते शेतात दिसतं, चालतं, एखादा कोवळा गाभा ओढतं, पण पिकाचं नुकसान म्हणावं एवढं खात नाही. जुलैत शेतात माकडं होती आणि नुकसानही होतं. एवढ्यावरून नुकसान त्यांचंच, असं धरून घर चाललं होतं.

पहिला निर्णय: आधी मोजायचं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी आणि वैनी शेतात उतरल्या. पद्धत साधी. शेतात नागमोडी चालायचं, पाच ठिकाणी थांबायचं, दर ठिकाणी ओळीने वीस झाडं बघायची. झाडं शंभर भरतात, म्हणजे टक्केवारीला वेगळा हिशेब नको. पोंगा उघडायचा, ताजी ओली भुशासारखी विष्ठा आहे का बघायची, अळी मिळाली तर डोक्यावर उलट्या वायसारखी खूण आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके आहेत का बघायचे. रोप लहान असताना शंभरात पाच झाडं लागलेली दिसली तर उपाय करावा, पोंगा भरल्यावर शंभरात दहाच्या पुढे गेलं तर करावा, असा सल्ला देतात. इथला आकडा त्याच्या दुपटीहून वर गेला. माकडांनी ओढलेले गाभे जंगलाकडच्या पहिल्या काही ओळींतच होते, आणि हातावर मोजता येतील एवढेच.

एक गोष्ट वैनीच्या लक्षात आली. काही पोंगे वरून हाताने फाकवल्यासारखे उघडे होते आणि त्यात विष्ठा होती, अळी नव्हती. हे माकड फळंच खात नाही, नाकतोडे, किडे, अळ्याही वेचून खातं. थोरल्याने ते लगेच उचललं: "म्हंजे माकडंच अळ्या खात्यात, मग फवारायचं कशाला?" एका दिवसात शत्रूचा मित्र झाला. पण पंचवीस माकडं सकाळी दोन तास अळ्या वेचत बसली तरी तीन एकरांतले हजारो पोंगे काही ती उघडणार नाहीत, आणि पतंग रोज रात्री नवीन पुंजके घालणारच. मुलीने वडिलांच्या मोबाइलवर गुणाकार करून दाखवला, तेव्हा तो मुद्दा संपला.

या मोजणीला पैसे लागले नाहीत, दोघींची एक सकाळ गेली. ती जूनच्या शेवटी, रोप दोन आठवड्यांचं असताना झाली असती तर पहिली फवारणी निंबोळी अर्कावर भागली असती.

विचारात घेतलेले पर्याय

माकडं पकडून सोडणं. गावातल्या बहुतेकांचा कल याच पर्यायाकडे. मारुतीच्या देवळात बैठक झाली. हे माकड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्यामुळे वन खात्याच्या परवानगीशिवाय पकडणं हा गुन्हा. ही अडचण सगळ्यांना ठाऊक होती आणि बैठकीत कुणी तिला फारसं महत्त्व दिलं नाही. बैठक फिरली ती एका म्हाताऱ्याच्या प्रश्नावर: "सोडणार कुठं?" भीमगडकडे, असं उत्तर आलं. भीमगड अभयारण्य २०११ पासून आहे आणि त्याच्या कडेला आपल्यासारखीच गावं आहेत. आपली माकडं तिथल्या भातात जाणार, आणि इथली रिकामी झालेली झाडं शेजारची टोळी धरणार. वर्गणी परत दिली गेली. जागा आणि खाणं तसंच राहिलं तर टोळी बदलते, त्रास तोच राहतो. म्हणून माझ्या मते बैठक योग्य ठिकाणी थांबली.

विषारी आमिष. हा पर्याय धाकट्याने आणला आणि कागदावर तो बरोबरच आहे. दहा किलो भाताचा कोंडा, दोन किलो गूळ, दोन-तीन लिटर पाणी, एक दिवस आंबवायचं, मग त्यात १०० ग्रॅम थायोडीकार्ब हे कीटकनाशक कालवून संध्याकाळी चिमूट चिमूट पोंग्यात टाकायचं. मोठ्या अळ्या, ज्यांच्यापर्यंत फवारा पोचत नाही, त्या गुळाच्या वासाने वर येतात आणि मरतात. मक्यावर हे आमिष सुचवलं जातं. कोंडा भिजलाही होता. वैनीने वास घेतला आणि विचारलं, "ह्ये माकडानं खाल्लं तर?"

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय इथे झाला. कीटकशास्त्रातला सल्ला अळीपुरता बरोबर असतो, पण त्या शेतात अळी एकटी राहत नाही. गूळ-कोंडा रात्री पोंग्यात टाकला की सकाळी टोळी उतरणार, आणि पोंगे फाकवून बघायची सवय तिला लागलेलीच आहे. माकड म्हणजे मारुती, ते मारण्याचं पाप घरावर नको, हे वैनीच्या मनात आधी आलं. कायद्याचं नंतर आलं. मी त्यात तिसरं कारण घातलं. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू सापडला. गेल्या दहा-बारा वर्षांत तो ताप गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. ही दोन्ही ठिकाणं आपल्या घाटाच्या खालीच आहेत. माकड मरून पडलं की तिथे गोचिडी पसरतात आणि त्या चावल्या की माणसाला ताप येतो. म्हणून घाटालगत मेलेलं माकड ही आरोग्य खात्याला कळवायची बाब असते, त्याला हात लावायचा नसतो. अशा भागात विषाने चार माकडं मेली तर गावात घबराट होणार, आणि पुढे खरंच तापाने माकड मेलं तर ते विषाचंच समजून कुणी कळवणार नाही. (गोचीड कीटक नाही, आठ पायांची आहे. मुलीने पहिल्या मसुद्यात तिला कीटकांत घातलं होतं.)

भिजवलेला कोंडा विष न घालता म्हशीला गेला.

फवारणी. निवड झाली ती हिचीच, पण अडचण पावसाची होती. उघडीप बघून संध्याकाळी फवारायचं, नोझल पोंग्यात धरायचं, वरवर पानं भिजवून उपयोग नाही.

सौर कुंपण. तारेचा झटका डुकराला थांबवतो. माकड फणसावरून तारेच्या आत उडी मारतं. पैसे नव्हतेच, त्यामुळे चर्चा लवकर संपली.

पीक बदलणं. हा पर्याय त्या हंगामात हातात नव्हता. तो पुढे आला, तेव्हा बघू.

काय केलं

उघडीप मिळाली त्या संध्याकाळी इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, लिटरला ०.४ ग्रॅम, असं सगळं शेत फवारलं. रात्री पाऊस आला. सकाळी धाकट्याला पुन्हा फवारायचं होतं. इथे वैनीने चार दिवस थांबून परत शंभर झाडं बघायचा आग्रह धरला. बघितली. जंगलाकडची आणि उसाकडची बाजू बरीच निवळली होती, दक्षिणेकडे, शेजाऱ्याच्या मक्याला लागून, अजून ताज्या विष्ठेचे पोंगे होते. मग दुसरी फवारणी फक्त त्या बाजूला झाली, आणि औषध बदललं: क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी, लिटरला ०.४ मिली. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की अळी त्याला सरावते. ती शिकत नाही हे खरं, पण महिन्याला पिढी बदलणाऱ्या प्राण्याला शिकायची गरजच नसते. जी वाचते तिची पिल्लं वाचतात.

शेजाऱ्याशी बोलणंही तेव्हाच झालं. त्याचा मका तीन आठवडे उशिरा पेरलेला, म्हणजे इथले पतंग तिकडच्या कोवळ्या पोंग्यात आणि तिकडचे इकडे. दोघांनी एकाच संध्याकाळी फवारलं. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाचं आमिष ठेवलेले, लावायचं ठरलं, एकरी पाच. त्यात नर पतंग अडकतात, त्यावरून पतंग कधी वाढले ते कळतं. अळी त्यांनी आटोक्यात येते असा समज मात्र दुकानात सर्रास आहे.

ऑगस्टमध्ये सतत ढग आणि ओल राहिली आणि काही पोंग्यांत अळ्या जागच्या जागी कडक होऊन, अंगावर पांढरट, मग हिरवट भुकटी चढलेल्या मिळायला लागल्या. ती अळीवर वाढणारी बुरशी, धारवाड-बेळगाव पट्ट्यात ओलसर हंगामात आपोआप दिसते. धाकट्याची तिसरी फवारणी या अळ्या दाखवून थांबवली. ते पैसे पुढे राखणीला उरले.

राखणीचा निर्णय तारखेवर घेतला. जुलैत लावलेला गडी काढला, तोफ बंद केली. त्या तोफेचं धाकट्याला भय वाटायचं ते बरोबर होतं. कार्बाईडच्या स्फोटाने डोळे गेलेली माणसं आपण ऐकून आहोत. कणसात दूध भरायला लागलं तिथून दाणा कडक होईपर्यंत, साधारण तीन आठवडे, सूर्य उगवायच्या आधीपासून राखण करायची असं ठरलं. जंगलाकडच्या तीन शेतकऱ्यांनी पाळ्या लावल्या. टोळी एका शेतातून हाकलली की शेजारच्यात जाते, म्हणून तिन्ही बांधांवर एका वेळी माणूस हवा. शेतातला राखणीचा जुना माळा दुरुस्त केला, गोफणी काढल्या. दगड झाडाच्या फांदीवर मारायचा, माकडावर नाही, असं सांगितलेलं. ते नेहमी पाळलं गेलं असं मी छातीठोक म्हणणार नाही.

शिवाय जंगलाकडच्या पहिल्या आठ-दहा ओळी वाळू न देता ओली कणसं म्हणून काढायच्या, ही वैनीची कल्पना. जांबोटीमार्गे चोर्ल्याला जाणाऱ्या गाड्यांना पावसाळ्यात भाजलेलं कणीस लागतंच. ओळी कापल्यावर रान आणि पीक यांच्यात मोकळी पट्टी पडली. मोकळ्यावरून यायला माकड कचरतं, कारण पळायला झाड लांब राहतं.

निकाल

मक्याचं उत्पन्न नेहमीपेक्षा कमी आलं. चार पोत्यांमागे जवळजवळ एक पोतं गेलं. त्यातलं बरंचसं जुलैमधल्या उशिराचं, म्हणजे अळीचं. कापणीच्या वेळी मुलीने कणसांचे ढीग वेगळे लावायला लावले होते, म्हणून हे सांगता येतं. साल सोलून, दोन चावे घेऊन टाकलेली, जमिनीवर पडलेली कणसं माकडाची. सालीला भोक आणि आत भुसा, ती अळीची. उभ्या ताटावर टोकाकडून साल चिरून दाणे टिपलेली पोपटाची. आणि बुंध्यातूनच आडवी केलेली ताटं रात्रीच्या रानडुकराची, ज्याचं नाव हंगामभर कुणी घेतलं नव्हतं. डुकराचा ढीग माकडाच्या ढिगापेक्षा लहान नव्हता.

थोरल्याला हा हिशेब पूर्ण मान्य नाही. राखण केली म्हणून माकडाचा ढीग लहान दिसतो, असं तो म्हणतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. तीन आठवडे पहाटे तीन-तीन माणसं उभी राहिली, त्याची मजुरी कुठल्याच ढिगात नाही. अळीचा खर्च पावतीवर दिसतो, माकडाचा खर्च झोपेत जातो.

बाटलीवरचं औषध आणि पहाटेची माणसं यांची किंमत एका मापात कशी आणायची, हे मुलीने प्रकल्पात विचारलं होतं. तपासणाऱ्याने त्या पानावर 'विषयाबाहेर' असं लिहिलं. मला तेच पान सगळ्यात चांगलं वाटलं.

वेगळं काय करता आलं असतं

पेरणी दक्षिणेच्या शेजाऱ्याबरोबर एकाच आठवड्यात व्हायला हवी होती. पुढच्या जूनसाठी तसं ठरलंय. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की कोष वर येतात आणि पक्षी, ऊन त्यांचा निकाल लावतात. हे थोरल्याला वडिलांच्या काळापासून माहीत होतं, ट्रॅक्टरचं भाडं वाचवायला दोन वर्षं झालं नव्हतं. मक्यात तुरीच्या ओळी घालायचंही ठरलंय, पण त्याने अळीवर किती फरक पडेल यापेक्षा घरात डाळ येईल यावर वैनीचा जोर आहे.

माकडांच्या बाबतीत मला वाटतं बैठक एका महिन्याने उशिरा झाली आणि तीही चुकीच्या विषयावर. पकडायचं की नाही यात दोन तास गेले. देवळामागे शनिवारी ठेवल्या जाणाऱ्या केळ्यांवर आणि रस्त्यावर थांबून बिस्किटं टाकणाऱ्या गाड्यांवर पाच मिनिटंही नाही. खाऊ घालणारा हात आणि गोफण मारणारा हात एकाच गावचे असतील तर टोळी दोन्हींचा हिशेब ठेवते. केळी गाभाऱ्यात ठेवून माणसांना प्रसाद म्हणून वाटावीत, असं पुजाऱ्यांनी नंतर आपणहून सुरू केलं. शनिवारी टोळी अजून येते, बसते, जाते.

आमिषाबद्दल एक वेगळी शक्यता होती: विषाशिवाय, पोंग्यात चिमूटभर बारीक वाळू टाकणं. बरेच शेतकरी ते करतात, तीन एकरांना मनुष्यबळ लागतं, पण जंगलाकडच्या ओळींपुरतं जमलं असतं. ते कुणी सुचवलं नाही, मलाही तेव्हा त्यावर भर द्यावासा वाटला नाही, कारण फवारणीची संध्याकाळ हातची जाईल अशी स्थिती होती.

जंगलाकडची पट्टी पुढच्या वर्षी मक्याखाली ठेवायची नाही, यावर दोन्ही भावांचं एकमत आहे. तिथे हळद घालायची. माकडं तिला सहसा हात लावत नाहीत, डुकरांचं बघावं लागेल. बांधावरच्या फणसांचं मात्र ठरलेलं नाही. थोरला म्हणतो तोडा, टोळी त्याच्यावरूनच उतरते. वैनी म्हणते ते सासूने लावलेत. कोवळे असतानाच काढून खानापुरात भाजीला विकू, पिकूच द्यायचे नाहीत, मग माकडं कशाला येतील? धाकटा दोघांनाही हो म्हणतो आणि उद्यमबागेला निघून जातो.